योगवर्गाचा जन्मदाखला

औंध संस्थानचे राजपुत्र आणि पुढे राजे झालेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १८९७ साली एका परदेशी पहिलवानाच्या नादी लागले. त्याचं नाव युजीन सँडो. युरोपात त्याचा पीळदार देह बघायला लोक तिकीट काढून गर्दी करत. बाळासाहेबांनी त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली, आणि जवळजवळ दहा वर्षं तो व्यायाम नेमानं केला. १९०८च्या सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळवलं, आणि सँडो मागे पडला तो पडलाच.

नमस्कार मराठी घरांना नवे नव्हते. कुणी ते उपासना म्हणून घालत, कुणी आखाड्यात अंग कमावण्यासाठी, कुणी समर्थांचं नाव घेऊन. राजेसाहेबांनी त्यांना शिस्त लावली. कुठल्या स्थितीत श्वास घ्यायचा, कुठे सोडायचा, कोणता बीजमंत्र केव्हा म्हणायचा, सगळं ठरवून दिलं. संस्थानातल्या शाळांमधून नमस्कार सक्तीचे केले, १९२८ साली इंग्रजीत पुस्तक काढलं. दहा वर्षांनी त्याची सुधारित आवृत्ती लंडनमध्ये निघाली आणि साताऱ्याकडचा हा व्यायाम विलायतेतल्या मध्यमवर्गीय घरांत शिरला. आज जगातल्या कुठल्याही शहरात योगवर्गाला जा, पहिली पंधरा मिनिटं बहुतेक वेळा त्याचीच असतात. आणि शिकवणारा हमखास सांगतो, ‘हे पतंजलींपासून चालत आलेलं आहे.’

ते तसं नाही. पतंजलींच्या जेमतेम दोनशे सूत्रांपैकी तीन आसनाबद्दल आहेत आणि त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त स्वात्मारामानं पंधरा आसनं दिली आहेत. त्यांतली बहुतेक बसून करायची; सूर्यनमस्कार त्यात नाहीत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं एवढं थोरलं वर्णन आहे, पण तिथला योगी एकच आसन घालून बसलेला आहे. खुद्द औंधकरांनीही आपले नमस्कार व्यायाम आणि उपासना म्हणूनच मांडले. त्यांना हजारो वर्षांचा योग करून टाकलं ते नंतरच्यांनी.

मग तासाभराचा योगवर्ग आला कुठून? त्याचे बरेचसे धागे नर्मदाकाठच्या मालसरला पोहोचतात. तिथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. त्यांचे दोन शिष्य पुढे नावारूपाला आले, आणि गंमत म्हणजे दोघांनाही तालमीची पार्श्वभूमी होती. मणिभाई देसाई हा सेंट झेवियर्समधला कुस्तीचा शौकीन विद्यार्थी. तो योगेंद्र झाला आणि १९१८च्या नाताळात त्यानं वेसाव्याला, दादाभाई नौरोजींच्या समुद्रकाठच्या बंगल्यात ‘द योगा इन्स्टिट्यूट’ सुरू केली. ही संस्था आता सांताक्रूझला आहे. योग शिकायला घरदार सोडून जंगलात जावं लागत नाही, ट्राम पकडून कचेरीत जाणाऱ्यालाही तो जमतो, हे तेव्हा ऐकायलाच चमत्कारिक वाटत असणार. योगी म्हणजे राख फासलेला, सिद्धी दाखवून भिक्षा मागणारा, असाच सर्वसाधारण समज होता. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवींनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं.

दुसरे जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले, पुढे अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणात रमलेले. यांना प्रश्न पडला तो डॉक्टरला पडावा तसा: नौली करताना पोटात नेमकं होतं काय? नौली करणारा सगळा श्वास बाहेर टाकतो, हात मांड्यांवर रोवून वाकतो, पोट आत ओढतो आणि मधले स्नायू जाड दोरासारखे पुढे काढतो. गुण्यांनी बडोद्याच्या इस्पितळात अशा माणसांची क्ष-किरण चित्रं घेतली. आतड्यातला दाब मोजला, तर तो बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी भरला. नौली करणारा गुदद्वारानं पाणी आत खेचतो, त्यामागची करामत ती हीच. आतड्यातल्या या निर्वात पोकळीला त्यांनी गुरूचं, माधवदासांचं नाव दिलं. १९२४ साली हेच गुणे स्वामी कुवलयानंद म्हणून लोणावळ्याला ‘कैवल्यधाम’ स्थापून बसले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झालं. त्यात आसनांच्या छायाचित्रांशेजारी दाबाचे आकडे असत.

रांगेत उभं राहून, आकड्यांच्या तालावर आसनं करण्याची पद्धतही बऱ्याच अंशी त्यांचीच. १९३०च्या दशकात त्यांनी शाळांसाठी ‘यौगिक संघ व्यायाम’ बसवला. शाळेच्या कवायतीचा साचा घेतला आणि त्यात योग ओतला. दर २१ जूनला, योगदिनी, मैदानांवर जे दृश्य दिसतं, त्याचं मूळ अरण्यापेक्षा शाळेच्या मैदानात अधिक आहे.

पुण्याची कथा निराळी. म्हैसूरच्या राजवाड्यात योगशाळा चालवणाऱ्या कृष्णमाचार्यांनी १९३७ साली आपला तरुण मेहुणा सहा महिन्यांसाठी पुण्याला धाडला. बी. के. एस. अय्यंगारांचं वय तेव्हा अठरा, प्रकृती किरकोळ, मराठीचा गंध नाही. शिकवायचं होतं डेक्कन जिमखान्यासारख्या ठिकाणी, तेही वयानं आणि ताकदीनं वरचढ अशा मुलांना. सहा महिन्यांचा मुक्काम जन्मभराचा झाला. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन त्यांना भेटले आणि युरोपचं दार उघडलं. १९६६च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये दोनशेच्या आसपास आसनं आहेत, हठप्रदीपिकेतल्या पंधराशी ताडून पाहावं. शिवाजीनगरच्या त्यांच्या संस्थेत भिंतीला दोर टांगलेले, लाकडी ठोकळे रचलेले आणि पाठीची फळी काढून टाकलेल्या घडीच्या लोखंडी खुर्च्या. त्या पोकळीतून पाय घालून उलटं बसायचं आणि पाठ मागे सोडायची. ‘ही पाश्चात्त्यांची थेरं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना ठाऊक नसतं की या खुर्च्या पुण्याहूनच परदेशी गेल्या.

एवढी माणसं, गावं आणि सालं उघड नोंदलेली असताना योगाला पाच हजार वर्षांचं एकसंध वस्त्र कशाला नेसवायचं? ध्यान-प्राणायाम जुने आहेत, काही आसनंही जुनी आहेत. पण आजचा वर्ग विसाव्या शतकात, राजवाडा, इस्पितळ, शाळा आणि जिमखाना यांच्या मेळातून घडला. त्यानं त्याची किंमत तसूभरही कमी होत नाही. उलट ज्यांनी तो घडवला त्यांना श्रेय तरी मिळतं.

बाकी गैरसमज किरकोळ आहेत, एक सोडून. प्राणायामानं शरीराला भरपूर ऑक्सिजन मिळतो, असं आजही सकाळच्या वर्गांत सर्रास सांगतात. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजून पाहिले होते आणि प्राणायामाचं मोल ऑक्सिजनमध्ये नाही, असं १९३०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. त्यांचं ‘प्राणायाम’ हे छोटं पुस्तक लोणावळ्याला अजून मिळतं. तुमच्या योगशिक्षकांना ते एकदा वाचायला द्या.