प्रायश्चित्तकाळ : कॅथलिक समाजाची चाळीस दिवसांची साधना

ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या साधनेला कॅथलिक समाजात ‘लेंट’ म्हणतात. मराठी कॅथलिक भाविक या पर्वाला प्रायश्चित्तकाळ किंवा उपवासकाळ म्हणतात. येशू ख्रिस्ताने अरण्यात केलेल्या चाळीस दिवसांच्या उपवासाचे हे स्मरण होय. २०२६ च्या दिनदर्शिकेत या काळाचा प्रारंभ करणारा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आणि ईस्टर ५ एप्रिलला येतो. या दोहोंमधले दिवस मोजल्यास ते ४६ भरतात; मात्र रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने सहा रविवार उपवासात धरले जात नाहीत.

या परंपरेचा उल्लेख इसवी सन ३२५ मधील नायसिया धर्मपरिषदेच्या नियमांत आढळतो. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांची पूर्वतयारी आणि गंभीर अपराधामुळे दूर ठेवलेल्यांचे समाजात पुनरागमन, असा दुहेरी हेतू आरंभीच्या शतकांत यामागे होता. त्यांच्या सोबतीने सर्वच भाविक उपवास करू लागले. त्यामुळे ही साधना वैयक्तिक असली तरी एकट्याची राहिली नाही.

राखेच्या बुधवारी, मागील वर्षीच्या आशीर्वादित झावळ्या जाळून केलेली राख भाविकांना लावली जाते. धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात, ‘आलेलुया’चा घोष थांबतो आणि शुक्रवारी चौदा स्थानांची ‘क्रुसाची वाट’ केली जाते. विवाहसोहळेही परंपरेने या काळात टाळले जातात.

पूर्वी उपवासाचे नियम कठोर होते. पोप पॉल सहावे यांनी १९६६ साली ते शिथिल केले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे हे उपवासाचे अनिवार्य दिवस आहेत. सज्ञान झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत हा नियम लागू असतो. या दिवशी एकदाच पूर्ण भोजन घेतले जाते. चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांनी मांसाहार वर्ज्य करावयाचा असतो. नियम कमी झाले, तशी भाविकांची जबाबदारी वाढली. उरलेल्या दिवसांत कशाचा त्याग करावा, हे आता बहुतांशी ज्याने त्याने ठरवावयाचे असते.

मात्र या त्यागाची कसोटी ठरलेली आहे. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही प्रायश्चित्तकाळाची तीन अंगे असून, ती लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत, अशी शिकवण देणारे शुभवर्तमान राखेच्या बुधवारीच वाचले जाते. कपाळावर राख लावून घेणाऱ्यांना दिलेला हा इशारा अर्थपूर्ण आहे. उपवासातून वाचलेले गरजूंपर्यंत पोहोचावे, ही अपेक्षा त्यामागे असते. १९६२ साली स्थापन झालेली ‘कॅरितास इंडिया’ ही संस्था याच काळात भूक आणि रोगराईविरोधात निधी संकलित करते.

देशात या पर्वाची रूपे विविध आहेत. केरळमधील सिरो-मलबार परंपरेत उपवासाचा प्रारंभ बुधवारी नव्हे, तर सोमवारी होतो. एर्नाकुलम जिल्ह्यातील मलयाट्टूरच्या डोंगरावर यात्रेकरू लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चढतात. गोव्यात, गोवा वेल्हा येथे प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’त येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी ओवीत आणली.

अंतिम आठवड्याचा आरंभ झावळ्यांच्या रविवारी होतो. पवित्र गुरुवारी धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. २०१६ पासून या विधीत महिलांनाही सहभागी करून घेण्याची मुभा आहे. त्याच रात्री केरळमधील सेंट थॉमस ख्रिश्चनांच्या घरांत कुटुंबप्रमुख ‘पेसहा अप्पम’ ही बिनखमिराची भाकर मोडून सर्वांना वाटतो. नुकताच मृत्यू झालेल्या घरी ती केली जात नाही. शेजारी आपल्या घरची भाकर त्यांना देतात.

गुड फ्रायडेला मिस्सा अर्पण केली जात नाही. शनिवारी रात्री नवा अग्नी प्रज्वलित होतो आणि त्यावर पेटविलेल्या पास्काच्या मेणबत्तीवरून भाविक आपापल्या मेणबत्त्या उजळतात. नव्या भाविकांना बाप्तिस्मा दिला जातो, आणि उपस्थित सारे आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात.