सफरचंदाची बाग आणि मजुरीचा हिशेब

आज आपण इंग्लंडच्या पश्चिम भागात, सॉमरसेट आणि हेरफर्डशायरला जाऊ. तिथे सफरचंदांच्या जुन्या बागा आहेत. त्यातली काही फळं इतकी तुरट, की तोंडात धरवत नाहीत. ती ठेचायची, लगदा गव्हाच्या काडाच्या थरांत रचून दाबायचा आणि निघालेला रस पिंपात आंबू द्यायचा. हीच सायडर, म्हणजे सफरचंदाची दारू.

मुलांना ही बाग समजावताना आपण कलम सांगू, मधमाशी सांगू, ताज्या रसाची गोडी सांगू. पण एक गोष्ट वगळायची नाही. खाली पडलेली फळं वेचायला बायका-मुलंही असत, आणि शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात दिला जाई. जे पिऊन संपलं, त्यातून घरात भाकरी कशी येणार? १८८७ साली कायद्याने मजुरीत दारू द्यायला बंदी केली. तरी जुनी रीत मोडायला वेळ लागला.

हे दुखणं आपल्याला परकं नाही. म्हणून मुलांना झाडाबरोबर हिशेबही शिकवू: घामाचं मोल रोख, आणि ते घरापर्यंत पोचलं पाहिजे.