गिरणीचा भोंगा आणि कामगारांची वेळ : मुंबई, १८८४ ते १९११

प्रस्तावना :
कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची पायाभरणी केली आणि १८५६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. औद्योगिकीकरणाचा हा इतिहास बहुधा भांडवल, यंत्रे व निर्यात यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेल्या शेतकऱ्याच्या दिनक्रमाचे काय झाले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत निबंधात वेळेच्या प्रश्नावर भर दिला आहे.

सूर्योदय ते सूर्यास्त :
विजेपूर्वी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. साहजिकच हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात कामाचे तास वाढत. शेतातही माणूस सूर्याबरोबरच राबतो. परंतु तेथे पावसाळा, सुगी आणि सण यांनुसार श्रमाची लय बदलते. यंत्राला अशी लय नसते. साप्ताहिक सुट्टीची तर निश्चिती नव्हतीच.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांपुरते मर्यादित केले. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांविषयी कायदा मौन होता. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता, ही गोष्ट खरी. त्यामुळेच बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्याला देशी उद्योगावरील आघात मानून विरोध केला. मँचेस्टरचा स्वार्थ ओळखण्यात त्यांची चूक नव्हती. मात्र त्या स्वार्थाकडे बोट दाखविताना सात वर्षांच्या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लोखंडे यांचे कार्य :
ही उणीव ज्यांना जाणवली ते नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) सत्यशोधक होते, हा योगायोग नव्हे. महात्मा फुले यांचे सहकारी असलेले लोखंडे काही काळ गिरणीत नोकरीस होते व १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादन करीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांच्या नेतृत्वाखाली कामगारांच्या सभा झाल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या निवेदनात दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघातग्रस्तांस साहाय्य अशा मागण्या होत्या. म्हणजे सूर्यास्तापर्यंतचे काम कामगारांनी मान्यच केले होते! मागण्यांचा हा संयमच परिस्थितीची कल्पना देण्यास पुरेसा आहे.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे भरलेल्या सभेस सुमारे १०,००० कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि मुलांचे किमान वय नऊ केले.

लोखंडे यांच्या मिल हँड्स असोसिएशनला रीतसर सभासदत्व, वर्गणी वा घटना नव्हती. म्हणून तिला कामगार संघटना म्हणू नये, असा आक्षेप अभ्यासक घेतात. तांत्रिकदृष्ट्या तो योग्य आहे. तथापि मुकादमाच्या मर्जीवर ज्याची नोकरी टिकत असे, त्या कामगाराने निवेदनावर आपले नाव घालणे ही कृती वर्गणीच्या पावतीपेक्षा कमी मोलाची ठरत नाही.

विजेचे दिवे :
लोखंडे १८९७ मध्ये प्लेगने मृत्यू पावले. त्यानंतर काही वर्षांतच, १९०५ च्या सुमारास, गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही संपली. तेजीच्या काळात काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १८९१ च्या कायद्याने प्रौढ पुरुषांच्या तासांना हात न लावल्यामुळे हे कायदेशीरच होते. रविवार मिळाला होता. परंतु उरलेले सहा दिवस लांबले होते. कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने प्रथमच घालण्यात आली. सुपारीबागेतील सभांना तोवर सत्तावीस वर्षे झाली होती.