एकोणसाठ नंबरची वाट

रेड रिव्हर कार्ट दिसायच्या कितीतरी आधी ऐकू यायची. आपल्याकडे बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात, चाकावर लोखंडी धाव चढवतात. कॅनडातल्या रेड नदीच्या खोऱ्यात धावणाऱ्या या दोनचाकी गाडीत मात्र लोखंडाचा एक खिळाही नसे आणि वंगणाचं तर नावच नको. प्रेअरीतल्या गवताळ मैदानावरची धूळ वंगणाला चिकटली की आख लवकर झिजतो, म्हणून कोरडं लाकूड कोरड्या लाकडावर तसंच घासू द्यायचं. पन्नास-शंभर गाड्यांचा तांडा निघाला की त्या किंकाळ्यांनी मैलोगणती रान भरून जाई. ज्या वाटेवर हा गोंगाट चाले, तिच्या आसपासनं आज मॅनिटोबा प्रांताचा ५९ नंबरचा महामार्ग जातो. अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या टॉलस्टॉय नावाच्या खेड्याजवळ तो कॅनडात शिरतो, फ्रेंच आणि युक्रेनी वस्त्यांमधून वर सरकत विनिपेग शहर ओलांडतो आणि लेक विनिपेगच्या वाळूवर, व्हिक्टोरिया बीचला जाऊन थांबतो. लांबी दोनशे किलोमीटरच्या थोडी वर. नकाशावर ही एक सलग रेघ दिसते खरी, पण तिची दोन टोकं दोन वेगळ्या कारणांनी जन्माला आली. दक्षिणेकडची वाट पोटासाठी पडली, उत्तरेकडची मौजेसाठी.

दक्षिणेकडची आधी पडली. १८४४ मध्ये सेंट पॉलहून (आजची मिनेसोटा राज्याची राजधानी) रेड नदीच्या वसाहतीकडे परतणाऱ्या व्यापाऱ्यांना मोकळ्या मैदानातला नेहमीचा रस्ता धोक्याचा झाला होता, कारण डकोटा लोकांशी चकमकी पेटल्या होत्या. त्यांनी पूर्वेकडची, झाडीतून आणि दलदलीतून जाणारी वाट काढली. तीच क्रो विंग ट्रेल. तिच्यावरचे गाडीवान मुख्यतः मेती होते, म्हणजे फ्रेंच किंवा स्कॉटिश बाप आणि स्थानिक आदिवासी आई यांच्या संसारातून घडलेला समाज. गाडी त्यांची, बैल त्यांचे, रस्त्याची माहितीही त्यांचीच. अडचण एकच होती. या सगळ्या मुलखात फर विकत घेण्याचा मक्ता लंडनच्या हडसन्स बे कंपनीकडे होता, आणि दक्षिणेकडे अमेरिकन व्यापाऱ्याला फर विकणं म्हणजे तस्करी.

१८४९ च्या मे महिन्यात गियोम सायेर नावाच्या मेती व्यापाऱ्यावर याच गुन्ह्याचा खटला उभा राहिला. कोर्टाबाहेर शेकडो मेती बंदुका घेऊन जमले. त्यांचा पुढारी थोरला लुई रिएल, म्हणजे पुढे मॅनिटोबाचा जनक म्हणून प्रसिद्ध झालेल्या लुई रिएलचा बाप. ज्यूरीनं सायेरला दोषी ठरवलं, शिक्षा मात्र झाली नाही. कायदा कागदावर शाबूत राहिला, पण बाहेरच्या जमावानं व्यापार खुला झाल्याचा निकाल लावून टाकला. त्यानंतर या चोरट्या पायवाटेचा राजरस्ता झाला.

गाडीची रचना पाहिली की या माणसांच्या हुशारीची कल्पना येते. चाकं माणसाच्या खांद्याला लागतील एवढी उंच आणि बशीसारखी बाहेर झुकलेली, म्हणजे चिखलात गाडी कलंडत नसे. काही मोडलं तर ओल्या चामड्याच्या वाद्यांनी करकचून बांधायचं; वाळल्यावर ती वादी आवळून लोखंडाइतकी घट्ट होई. आख तुटला तर जवळचं झाड तोडून नवा घडवायचा. नदी आडवी आली की चाकं काढून गाडीखाली आडवी बांधायची, त्यावर कातडं ताणायचं, आणि गाडीचाच तराफा करून पलीकडे न्यायचा. एका गाडीत चारशे किलोच्या आसपास माल मावे. खाली जाताना बायसनची कातडी, फर आणि पेमिकन म्हणजे वाळलेलं मांस चरबीत कुटून केलेली शिदोरी. वर येताना चहा, साखर, तंबाखू, कापड, अवजारं. बैलाच्या चालीनं हा प्रवास महिन्याभराचा, कधी त्याहून लांब. डिसेंबर १८७८ मध्ये सेंट पॉलकडून आलेली रेल्वे विनिपेगसमोरच्या सेंट बोनिफेसला पोचली आणि तीन-चार दशकं गाजलेला तो किंकाळ्यांचा व्यापार थोड्याच काळात मुका झाला.

गाड्या थांबल्या तरी थांबे राहिले. सेंट पिएर जोली या गावात गुले घराण्याचं ओंडक्यांचं घर आजही उभं आहे. मोईझ गुले हे या वाटेवरचे मेती व्यापारी, आणि त्यांचं घर म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या तांड्यांचा मुक्काम. गावाच्या नावातले जोली म्हणजे इथले पहिले धर्मगुरू. फ्रेंच अजूनही इथली बाजाराची भाषा आहे, आणि दर वसंतात मेपलचा रस आटवून पाक करण्याचा सोहळा होतो. थोडं दक्षिणेला सेंट मालो. तिथं रॅट नदी अडवून केलेल्या पाणसाठ्याला किनारा आहे, त्यामुळे पोहायला उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरापर्यंत जायला नको.

आणखी खाली सरहद्दीजवळ १८९६ पासून युक्रेनी शेतकरी आले. सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचं एक कोडं सुटत नसे: सपाट, काळी, उत्तम जमीन शिल्लक असताना ही मंडळी दगडधोंड्यांची, झाडीची जमीन का मागतात? त्यांच्या मूळ मुलखात, गालिसियात, जंगल जमीनदाराचं असे आणि सरपणाच्या मोळीसाठी हात पसरावे लागत. स्वतःच्या मालकीचं झाड हीच त्यांच्या लेखी श्रीमंती होती. हौस महागात पडली. नांगर दगडांत अडकले, पुढच्या पिढ्या शहराकडे सरकल्या. पण त्याच दगडांमुळे टॉलस्टॉयच्या आसपास उंच गवताच्या मूळ प्रेअरीचा एक तुकडा नांगरापासून बचावला. मॅनिटोबात हे गवत एके काळी जेवढं होतं त्याच्या एक टक्काही आता उरलेलं नाही. जे उरलं त्यातलं बरंचसं १९८९ पासून इथं राखीव आहे.

शहरात शिरल्यावर रस्ता नाव बदलतो. विनिपेगमध्ये तो लाजिमोदिएर बुलव्हार. जाँ-बातिस्त लाजिमोदिएर हा शिकारी १७ ऑक्टोबर १८१५ ला रेड नदीच्या वसाहतीतून निघाला आणि १० मार्च १८१६ ला मॉन्ट्रियलला पोचला. मधला अख्खा कॅनडियन हिवाळा त्यानं चालत काढला. वसाहतीवर संकट आलं होतं आणि ते तिचा संस्थापक लॉर्ड सेलकर्क याला कळवायचं होतं. या निरोपाचं बक्षीस म्हणून त्याला नदीकाठी जमीन मिळाली. त्याच्या मुलीनं, जुलीनं, १८४४ मध्ये थोरल्या रिएलशी लग्न केलं, म्हणजे पाच वर्षांनी कोर्टाबाहेर बंदूक घेऊन उभ्या राहिलेल्या त्याच रिएलशी. सासरा चालण्यासाठी प्रसिद्ध, जावई गाड्यांना वाट मोकळी करण्यासाठी. रस्त्यांना माणसांची नावं देताना नगरपालिका सहसा इतका विचार करत नाहीत. इथं योग जुळून आला असावा. याच बुलव्हारवर १९७६ पासून कॅनडाची टांकसाळ आहे. देशातली सगळी चलनी नाणी इथंच पडतात, आणि डझनावारी परदेशांचीही.

शहराच्या दोन्ही अंगांना, दक्षिणेला आणि ईशान्येला, महामार्ग एका रुंद, बहुतेक वेळा कोरड्या कालव्यावरून जातो. अनोळखी माणसाला वाटावं, एवढा पूल कशासाठी? उत्तर १९५० च्या वसंतात आहे. त्या वर्षी रेड नदीनं विनिपेग बुडवलं आणि सुमारे लाखभर माणसांना घरं सोडावी लागली. पुढे डफ रॉब्लिन प्रांताचे मुख्यमंत्री झाले आणि शहराला वळसा घालून नदीचं पाणी खाली सोडणारा ४७ किलोमीटरचा कालवा खणायचा हट्ट त्यांनी धरला. विरोधकांनी त्याला डफचा खड्डा म्हणून हिणवलं. १९६२ ते १९६८ या काळात ६ कोटी ३० लाख डॉलर खर्चून खड्डा पुरा झाला, आणि मग तेच टोपणनाव लोक कौतुकानं घेऊ लागले.

पण कालव्यालाही बाजू असते, आतली आणि बाहेरची. १९९७ मध्ये शतकातला सर्वांत मोठा पूर आला तेव्हा शहर वाचवण्यासाठी कालव्याच्या तोंडाशी पाणी अडवावं लागलं. त्याचा फुगारा मागं, दक्षिणेला पसरला आणि ५९ च्या परिसरातल्या ग्रांद प्वॅन्त वस्तीतली शंभराहून अधिक घरं बुडाली. शहर कोरडं राहिलं याचा आनंद तिथल्या लोकांनी साजरा केला नसेल, हे सांगायला नकोच.

ईशान्येकडचा पूल ओलांडला की काही वेळातच बर्ड्स हिलचा उंचवटा लागतो. हिमनदीनं वाहून आणलेल्या रेतीखडीची ही रास. आजूबाजूच्या सपाटीत तिला टेकडी म्हणायचं एवढंच. १८२६ च्या महापुरात वसाहतीतली माणसं जीव घेऊन इथं चढली होती. नंतर विनिपेगच्या बांधकामांसाठी इथली खडी गाड्या भरभरून गेली. १९६७ मध्ये उद्यान खुलं झालं आणि १९७४ पासून दर उन्हाळ्यात तिथं लोकसंगीताचा महोत्सव भरतो.

इथून पुढे रस्त्याचा स्वभाव पालटतो. उत्तरेकडची वाट बैलांनी पाडलेली नाही. तिचा मूळ धनी रेल्वे. कॅनडियन पॅसिफिक कंपनीनं १९०३ मध्ये सरोवराच्या पश्चिम काठावर विनिपेग बीच वसवलं आणि सुट्टीच्या दिवशी डबे भरभरून माणसं नेली. प्रतिस्पर्धी कॅनडियन नॉर्दर्न कशी गप्प बसणार? तिनं पूर्व काठावर रूळ टाकले आणि पहिलं महायुद्ध चालू असताना ग्रँड बीच उभं केलं: हॉटेल, लाकडी पायरस्ता, आणि भलं मोठं नृत्यगृह. जागा मात्र निर्विवाद सरस होती. बारीक पांढरी वाळू, आणि मागं दोन-तीन मजली उंचीचे वाळूचे डोंगर. कंपनी पुढे कर्जात बुडून सरकारजमा झाली, गाड्या मात्र धावत राहिल्या.

या गाड्यांमधली लाडकी होती मूनलाइट. काम संपवून संध्याकाळी विनिपेगच्या स्टेशनावर चढायचं, ग्रँड बीचला उतरून बँडच्या तालावर नाचायचं आणि मध्यरात्रीच्या गाडीनं परत. दुकानात आणि ऑफिसात राबणाऱ्या मुला-मुलींना परवडेल अशी ही चैन होती. मोटार असण्याची गरज नव्हती, मुक्कामाचा खर्च नव्हता, आणि परतीच्या डब्यात दिवे मंद असत. कित्येक विनिपेगकरांच्या आजी-आजोबांची ओळख याच डब्यांत झाली असं शहरात हसत सांगतात.

१९५० च्या सप्टेंबरात नृत्यगृह जळून खाक झालं. ज्या वर्षी पुरानं शहर बुडवलं त्याच वर्षी आगीनं त्याची करमणूक नेली. पण खरा घाव आगीचा नव्हता. युद्धानंतर घरोघरी मोटारी आल्या, रस्ते सुधारले, आणि माणसं स्वतःच्या सोयीच्या वेळी निघू लागली. गाड्यांचे डबे रिकामे पडले. १९६१ मध्ये ग्रँड बीच प्रांतिक उद्यान झालं आणि त्या सुमारास रेल्वेचा जमाना संपला. कार्टला रेल्वेनं मारलं, रेल्वेला मोटारीनं.

मोटारीनं एक गोष्ट मात्र हिरावली. मूनलाइटच्या डब्यात कोण कुणाशेजारी बसेल याचा नेम नसे. किनाऱ्यावरच्या बंगल्यांचं तसं नव्हतं. व्हिक्टोरिया बीच १९१९ मध्ये स्वतंत्र नगरपालिका झालं आणि आपल्यात कोण यावं याविषयी पहिल्यापासून चोखंदळ राहिलं. १९४० च्या दशकात ज्यूंना इथं जागा मिळू नये अशी उघड भाषा झाली आणि विनिपेगच्या वर्तमानपत्रांत त्यावर गदारोळ उठला. आजचं वेगळेपण निरुपद्रवी आहे: उन्हाळ्यात तिथल्या मुख्य वस्तीत खासगी मोटारींना मज्जाव. दोनशे किलोमीटरचा महामार्ग जिथं पोचतो तिथं गाडी वेशीवर ठेवून सायकलवर टांग मारावी लागते.

किनाऱ्यांच्या अलीकडे रस्ता ब्रोकनहेड ओजिब्वे नेशन या आदिवासी समाजाच्या जमिनीतून जातो. १८७१ च्या ऑगस्टमध्ये सरकारशी झालेल्या पहिल्या कराराच्या सह्यांमध्ये त्यांचे पूर्वज होते. करारात पाच माणसांच्या कुटुंबामागे १६० एकर आणि दरवर्षी माणशी ३ डॉलर ठरले. थोड्याच वर्षांत त्याचे ५ झाले आणि दीडशे वर्षांनीही ते ५ च आहेत. २००५ मध्ये हमरस्त्यालगत मायामीच्या थाटाचं कॅसिनो उभं राहिलं. सुट्टीला निघालेल्या मोटारींकडून पाच डॉलरपेक्षा बरं उत्पन्न मिळू लागलं.

या सगळ्या मोटारी ज्या पाण्यासाठी धावतात ते पाणी अलीकडे उन्हाळ्यात हिरवं होतं. सरोवरात येणाऱ्या एकूण पाण्यात रेड नदीचा वाटा लहान, पण शेवाळ पोसणाऱ्या फॉस्फरसचा निम्म्याहून जास्त भार तीच आणते. त्यात शेतातली खतं आहेत, डुक्करपालनातली विष्ठा आहे, विनिपेगचं सांडपाणी आहे, सरहद्दीपलीकडचाही भाग आहे. महामार्गानं जोडलेले दोन्ही मुलूख नदीनं आधीच जोडलेले होते. २०१३ मध्ये एका जर्मन पर्यावरण संस्थेनं लेक विनिपेगला वर्षातलं धोक्यातलं सरोवर जाहीर केलं. नदी सरोवराला मिळते तिथं, ५९ वरच्या लिबाऊ गावाच्या बाजूला, विस्तीर्ण पाणथळ आहे. पूर्वी हे पाणथळ बराच गाळ आणि खत अडवून धरी. आता ते खंगलं आहे. संशोधकांनी तिथं पाणकणीस कापून नेण्याचे प्रयोग केले. कणसानं शोषलेला फॉस्फरस त्याच्यासोबत पाण्याबाहेर निघतो, आणि वाळवून दाबलेल्या पाणकणसाच्या गोळ्या शेगडीत जळण म्हणून चालतात.