डोंगरीच्या कोठडीतला हॅम्लेट

१/ जुलै १८८२. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक बाळ गंगाधर टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी प्रत्यक्षात १०१ दिवस काढले. 🧵

२/ या बंदिवासात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे मराठी भाषांतर हाती घेतले. ज्यांच्या राज्यात कैद भोगायची, त्यांच्याच श्रेष्ठ नाटककाराला आपल्या भाषेत आणायचे! राज्यकर्त्यांवरील रोष आणि त्यांच्या साहित्याविषयीचा आदर एकाच मनात सुखाने नांदू शकतात, याचे हे बोलके उदाहरण.

३/ १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. विकारविलसित म्हणजे मनोविकारांचा खेळ. डेन्मार्कच्या राजपुत्राचा आगरकरांनी चंद्रसेन केला. शोक, संशय, सूड हे विकार कोणा एका देशाचे नाहीत, हे त्या शीर्षकातच सांगितलेले आहे.

४/ मराठीला शेक्सपिअर तेव्हा अगदीच अपरिचित नव्हता. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे ‘ऑथेल्लो’ १८६७ मध्येच छापले गेले होते. परंतु छापलेले नाटक वाचकांपुरते राहते. रंगभूमीवर आलेले नाटक निरक्षरालाही आपलेसे वाटते.

५/ ते कार्य शाहूनगरवासी नाटक मंडळीने केले. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट मराठी रंगभूमीवर अजरामर ठरला. शिरूर वा दौंडकडून पुण्यास आलेल्या आणि इंग्रजीचे अक्षरही न शिकलेल्या प्रेक्षकालाही आता राजपुत्राची घालमेल स्वतःच्या भाषेत ऐकता येणार होती.

६/ यात एक विलक्षण पेच आहे. पती निवर्तल्यावर आईने दिराशी लगोलग केलेला विवाह हॅम्लेटला असह्य होतो. आगरकर तर विधवांच्या पुनर्विवाहाचे खंदे पुरस्कर्ते! तरीही त्यांनी हेच नाटक निवडले. अभिजात कृतीचा आस्वाद घेणे म्हणजे तिच्यातील प्रत्येक पात्राच्या मताला मान डोलावणे नव्हे.

७/ हा प्रवाह पुढेही वाहत राहिला. गो. ब. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ (१८९०) रचले. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये ‘किंग लिअर’चे पडसाद आहेत, मात्र त्यातले दुःख अस्सल मराठी घरातले आहे.

८/ आगरकर १७ जून १८९५ रोजी निवर्तले, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी. परकीय सत्तेशी झगडावे, पण परकीय प्रतिभेला दार बंद करू नये, हा धडा त्यांनी व्याख्यानातून नव्हे, तर तुरुंगातल्या लेखणीतून दिला. युरोपातील अभिजात ग्रंथ हाती घेताना ती कोठडी आठवावी.