यवनांचा दस्तरखान

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना काही शब्दांपाशी थांबावेच लागते. मागच्या वर्षी जुन्या बखरीतला एक उतारा वर्गात वाचत होतो. त्यात ‘यवन’ शब्द आला. दुसऱ्या बाकावरच्या मुलाने हात वर केला, “सर, यवन म्हणजे आपणच ना?”

बखरकाराला तेच म्हणायचे होते, हे मी लपवले नाही. पण शब्दाची जन्मकथाही सांगितली. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर आयोनिया नावाचा ग्रीकांचा प्रांत होता. इराणी लोक तिथल्या ग्रीकांना ‘यौन’ म्हणत. अशोकाच्या शिलालेखांत ते ‘योन’ झाले, संस्कृतात ‘यवन’ झाले, अरबी-फारसीत ‘यूनान’ झाले. नंतरच्या काळात पश्चिमेकडून येणारा जो कोणी असेल, अरब, तुर्क, पठाण, त्याच्या माथी हेच नाव बसले. म्हणजे ज्या शब्दाने आम्हाला परके ठरवले जाते, तो शब्द मुळात ग्रीकांचा पत्ता आहे.

मुलाचा पुढचा प्रश्न अगदी मुलासारखा होता. “मग सर, ते खरे यवन काय खायचे?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले, ते इथे मांडतो आहे. शोधायला निघालो होतो जेवण, हाती लागला माणसांच्या फाळणीचा इतिहास.

प्राचीन ग्रीकांचे जेवण तीन गोष्टींवर उभे होते: धान्य, ऑलिव्ह आणि द्राक्षे. डोंगराळ, खडकाळ जमीन. गहू कमी पिके, जव जास्त. अथेन्सला काळ्या समुद्राच्या बाजूने जहाजांतून धान्य आणावे लागे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुरुवातीला सोलोनने कायदे केले, तेव्हा शेतमालापैकी फक्त ऑलिव्हचे तेल बाहेर विकायला मुभा ठेवली, असे प्लुटार्क सांगतो. खडकाळ जमिनीतही ऑलिव्हचे झाड तग धरत असे. पॅनअथेनाइक खेळांत जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून तेलाने भरलेले रांजण मिळत. इराण्यांनी इ.स.पू. ४८० मध्ये अॅक्रोपोलिस जाळले, तेव्हा अथेना देवीचे ऑलिव्हचे झाडही जळाले. दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्याला हातभर कोंब फुटलेला दिसला, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. कोंबाची गोष्ट खरी असो वा नसो, या झाडाशी ग्रीकांचे नाते काय होते ते तिच्यातून कळते.

त्यांच्या जेवणात मद्य होते, डुकराचे मांस होते. माझ्यासाठी दोन्ही हराम आहेत. पण इतिहास वाचताना ताट माझे नाही हे लक्षात ठेवले की पुरते. मांस रोजचे नव्हतेच. ते बहुधा देवाला बळी दिल्यावर मिळे. हाडे आणि चरबी देवासाठी जाळत, उरलेले मांस लोकांत वाटत. बाकीचे दिवस भाकरी, कडधान्ये, रानभाज्या, मासे. इ.स.पू. चौथ्या शतकात सिसिलीतल्या आर्केस्ट्राटस नावाच्या ग्रीकाने कुठल्या बंदरावर कुठला मासा घ्यावा यावर अख्खे काव्य रचले. त्याचा आग्रह असा, की ताज्या उत्तम माशावर चीज-मसाल्यांचा मारा करू नये. कोकणातला कुठलाही खवय्या त्याच्याशी हस्तांदोलन करील.

या यूनान्यांचे एक देणे आमच्या घरांत आजही चालते. अमुक पदार्थ ‘गरम’, तमुक ‘सर्द’ ही अम्मीची भाषा. हिपोक्रॅटस आणि गॅलेन यांना आम्ही बुकरात आणि जालीनूस म्हणतो. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाकने गॅलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबीत आणले. हुनैन स्वतः ख्रिस्ती होता. त्या ग्रंथांतली शरीराच्या चार खिल्तांची कल्पना हकिमांबरोबर हिंदुस्थानात आली आणि ‘यूनानी’ तिब्ब झाली. हकिमाच्या दुकानातली ‘जवारिश मस्तगी’ पाहा. मस्तगी म्हणजे ग्रीसच्या किऑस बेटावर, विशेषतः त्याच्या दक्षिण भागातल्या गावांत, झाडाच्या सालीला चिरा देऊन काढलेला डिंक. तिथे तो पावात, मिठाईत घालतात. इथे तो पोटदुखीवर चाटवतात.

ग्रीक ख्रिस्ती झाले तसे त्यांच्या स्वयंपाकाला पंचांग मिळाले. ऑर्थोडॉक्स चर्चचे सगळे उपवास पाळले तर वर्षातले सुमारे १८० दिवस किंवा त्याहूनही जास्त दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य ठरतात. मासाही बहुतेक दिवशी चालत नाही. मात्र रक्त नसलेले समुद्री जीव, म्हणजे कालवे, माकुल वगैरे चालतात. त्यामुळेच तेलात शिजवलेल्या भाज्या आणि कडधान्यांचे एवढे प्रकार तिथे तयार झाले. ईस्टरपूर्वीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या सोमवारी लोक उघड्यावर जाऊन पतंग उडवतात, बिनखमिराची चपटी भाकरी खातात आणि तिळाचा हलवा खातात. होय, हलवा. शब्द अरबी, ग्रीक उच्चार ‘हालवास’. आपल्याकडे संक्रांतीला पतंग, तीळ आणि हलवा एकत्र येतात, तिकडे सर्वस्वी वेगळ्या कारणाने तेच तिघे एकत्र येतात.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संत बेसिलच्या नावाने केक कापतात. त्यात एक नाणे लपवलेले असते. पहिले तुकडे येशू, मरियम आणि घर यांच्या नावाने काढतात, आणि अनेक घरांत एक तुकडा गरिबासाठी. मृतांच्या स्मरणार्थ उकडलेल्या गव्हात साखर, मनुका, बदाम, डाळिंबाचे दाणे घालून ‘कोलिवा’ करतात आणि चर्चमध्ये वाटतात. तुर्कस्तानात मुहर्रमच्या दहा तारखेला गहू, हरभरे आणि सुक्या मेव्याचे ‘आशुरे’ करतात, हजरत नूहच्या नौकेची आठवण म्हणून. दोन धर्म, दोन कारणे, पण भांड्यात शिजतो तो गहूच.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल उस्मानी तुर्कांच्या हाती गेले. ग्रीसचा बराच भाग त्यांच्या राज्यात जवळपास चारशे वर्षे राहिला, काही भाग त्याहून अधिक. १८२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले. या शतकांत स्वयंपाकघरांनी एकमेकांकडून काय घेतले ते शब्दांतच दिसते. ‘केफ्तेदेस’ म्हणजे कोफ्ते, मूळ फारसी. ‘पिलाफी’ म्हणजे पुलाव. ‘लुकुमी’ ही मिठाई अरबी ‘राहतुल हुल्कूम’वरून, म्हणजे घशाचा आराम. ‘दोल्मादेस’ तुर्की ‘दोलमा’वरून, आणि दोलमाचा अर्थ सरळ ‘भरलेले’. आपण भरली वांगी म्हणतो तसेच.

पण वाट एकेरी नव्हती. वांगे भारतातून इराणला, तिथून अरबांकडे आणि पुढे ग्रीकांच्या ‘मेलित्झाना’पर्यंत पोचले. ग्रीक ‘झाखारी’ आणि ‘पिपेरी’ यांच्या मुळाशी आपली शर्करा आणि पिप्पली आहे. पानात सारण गुंडाळून खाणे तर प्राचीन अथेन्सलाही ठाऊक होते. तिथे अंजिराची पाने वापरत. ज्या टोमॅटोशिवाय आज ग्रीक सॅलड होत नाही, तो अमेरिकेचा. ग्रीसमध्ये तो रुळला एकोणिसाव्या शतकात.

नव्या राष्ट्राला मात्र स्वच्छ वंशावळ हवी असते. निकोलाओस त्सेलेमेंतेस (१८७८–१९५८) हा सिफ्नोस बेटाच्या घराण्यातला आचारी. त्याने व्हिएन्नात शिक्षण घेतले, अमेरिकेतही काम केले. १९२०च्या दशकात आलेला त्याचा पाकशास्त्राचा ग्रंथ इतका गाजला, की ग्रीक भाषेत ‘त्सेलेमेंतेस’ म्हणजे स्वयंपाकाचे पुस्तक असाच अर्थ रूढ झाला. त्याचे म्हणणे असे, की फ्रेंच पाककला मुळात प्राचीन ग्रीकांकडूनच गेलेली, आणि मसाल्यांचा भडकपणा ही तुर्कांची घाण. म्हणून त्याने मसाले, लसूण कमी केले आणि लोणी, मलई, पांढरा सॉस आणला. आज जगभर ‘ग्रीक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुसाक्यावरचा तो जाड पांढरा थर त्याच्याच नावावर जमा आहे. गंमत अशी, की ‘मुसाका’ हे नाव अरबीतून तुर्कीमार्गे आलेले. शुद्धीकरण झाले, पण नाव बदलता आले नाही.

त्सेलेमेंतेसने भांड्यात जे केले तेच राज्यकर्त्यांनी माणसांचे केले. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले. त्यातले बरेच १९२२च्या युद्धातच पळून आले होते. साडेतीन ते चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. कोण कुठला हे ठरवायची कसोटी भाषा नव्हती, धर्म होती. अनातोलियातले तुर्की बोलणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरले. क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरले. पश्चिम थ्रेसचे मुसलमान आणि इस्तंबूलचे ग्रीक तेवढे वगळले गेले.

ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांना स्थानिक लोक ‘तुर्काचे बीज’ म्हणत. आणखी एक शिवी होती: ‘दह्यात बाप्तिस्मा घेतलेले’. कारण ते स्वयंपाकात दही फार वापरत. तिकडे क्रीटहून आयवालिकला पोचलेल्या मुसलमानांना ‘अर्धे काफिर’ म्हटले गेले. ते तुर्की नीट बोलत नसत आणि ऑलिव्हच्या तेलात रानातला पाला शिजवून खात. मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. ताटातल्या दह्यावरून आणि पाल्यावरून माणसाची निष्ठा मोजणे ही काही एका देशाची मक्तेदारी नाही.

शेवटी जिंकले मात्र दहीच. स्मिर्नाचे, म्हणजे आजच्या इझमिरचे, जिरे घातलेले लांबट कोफ्ते ‘स्मिर्नाचे सुत्झुकाक्या’ म्हणून आज ग्रीक घराघरांत होतात. इस्तंबूलच्या ग्रीकांच्या स्वयंपाकाला मानाचे नाव आहे. २००३ साली त्यावर ‘पोलितिकी कुझिना’ हा चित्रपट निघाला. ‘पोलितिकी’चा आघात एका ठिकाणी दिला तर अर्थ होतो इस्तंबूल शहराचा, दुसरीकडे दिला तर राजकीय.

या इतिहासातले एक पान मी वर्गात वाचून दाखवले. १९४१ मध्ये जर्मनी, इटली आणि बल्गेरियाने ग्रीस व्यापला. अन्न लुटले गेले, वरून ब्रिटिशांची समुद्री नाकेबंदी. त्या हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे भुकेने मरून पडत होती. त्या संपूर्ण काळातल्या भूकबळींचा आकडा साधारणपणे ३ लाखांच्या आसपास मानला जातो. पहिली मदत आली तुर्कस्तानातून. ऑक्टोबर १९४१ पासून ‘कुर्तुलुश’ नावाचे जुने जहाज हिलाल-ए-अहमरचे धान्य घेऊन इस्तंबूलहून पिरेयसच्या बंदरात येऊ लागले. जानेवारी १९४२ मध्ये ते मार्माराच्या समुद्रात बुडाले, तेव्हा दुसऱ्या जहाजांनी काम पुढे चालवले. याच दोन देशांनी १९ वर्षांपूर्वी एकमेकांची गावे जाळली होती.

पुढे १९७४ साली तुर्की सैन्य सायप्रसमध्ये उतरले आणि ग्रीसमधल्या कॉफीखान्यांत ‘तुर्की कॉफी’ची ‘ग्रीक कॉफी’ झाली. भांडे तेच, फेस तोच. फेटा चीजसाठी युरोपच्या न्यायालयात डेन्मार्क आणि जर्मनीशी भांडण झाले, आणि २००५ मध्ये ते नाव ग्रीसकडेच राहिले. शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न असेल तर असे भांडण मला समजते. पण शेजाऱ्याचा शब्द पुसला की आपली वंशावळ स्वच्छ होते, हे समजत नाही. आपल्या दिवाळीच्या फराळातली शंकरपाळी फारसी ‘शकरपारा’ची मुलगी आहे. तिला डब्यातून बाहेर काढावे असे अजून तरी कोणाला वाटलेले नाही.

ग्रीसच्या लेस्वोस बेटावर आजही गावच्या जत्रेत बैल कापतात आणि गहू व मांस मोठ्या कढयांत रात्रभर शिजवून सकाळी साऱ्या गावाला वाटतात. पदार्थाचे नाव ‘केश्केक’. समोरच्या तुर्की किनाऱ्यावरही तेच नाव, लग्नाकार्यात तोच पदार्थ.

यंदा आशुऱ्याच्या आदल्या रात्री मोहल्ल्यात खिचड्याची देग चढली होती. तो प्रश्न विचारणारा मुलगा घोटायला उभा होता. मी त्याला म्हणालो, “तुला विचारायचं होतं ना, यवन काय खातात? हेच खातात.” मग लेस्वोसची हकिकत सांगितली. घोटणे न थांबवता त्याने विचारले, “डाळी कोणत्या घालतात, सर?”

“डाळी नाहीत. नुसता गहू आणि मांस.”

त्याने मान हलवली. “मग खिचडा कसला, सर? त्यांना एकदा इकडे बोलवायला पाहिजे.”