कावळा शिवायच्या आधी

"कावळा शिवायचा असला की पोट आधी सांगतं," आजी म्हणायची आणि दोन दिवस ताकभातावर राहायची.

मला हाच त्रास पंचविशीत सुरू झाला. आधी बद्धकोष्ठ, मग कळा आणि जुलाब. रक्त, सोनोग्राफी, दुर्बीण, सगळं नॉर्मल. निदान झालं आयबीएस. "टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. पाळीबद्दल त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढे सहा महिने वहीत तारखा लिहिल्या, तेव्हा आजीचं वाक्य आठवलं. मग मी या दुखण्याचा इतिहास धुंडाळायला लागले.

बाईच्या दुखण्याचं खापर गर्भाशयावर फोडायची रीत फार जुनी आहे. 'हिस्टेरिया' हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. 1892 साली विल्यम ऑस्लरच्या गाजलेल्या पाठ्यपुस्तकात 'म्यूकस कोलायटिस' आला, तोही बायकांशी आणि नाजूक मज्जासंस्थेशी जोडलेला. म्हणजे हा त्रास बायकांना जास्त होतो हे डॉक्टरांना दिसत होतं. कारण मात्र स्वभावात शोधलं जात होतं.

गंमत अशी की ज्याला पहिलं हॉर्मोन मानतात ते आतड्यातच सापडलं. 1902 मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याच्या अस्तरातून सिक्रेटिन वेगळं केलं. 'हॉर्मोन' हा शब्द स्टार्लिंगने 1905 मध्ये वापरला. 1929 मध्ये इस्ट्रोन आणि 1934 मध्ये प्रोजेस्टेरॉन शुद्ध स्वरूपात हाती आलं. आता धागे जुळायला हरकत नव्हती.

पण 1977 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळलं. थॅलिडोमाइडची भीती खरी होती. शिवाय महिन्याच्या चढउतारांनी निष्कर्ष बिघडतात, असंही संशोधक म्हणत. जे चढउतार अभ्यासायचे, तेच अडचण ठरले! हे धोरण 1993 मध्ये बदललं. 2000 साली अलोसेट्रॉन हे औषध फक्त स्त्रियांसाठी मंजूर झालं, आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याच्या घटनांमुळे त्याच वर्षी मागे घेतलं गेलं. 2002 मध्ये ते कडक अटींवर परतलं.

आज एवढं कळलं आहे: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देणारे ग्राहक आतड्यातही असतात. प्रोजेस्टेरॉन गुळगुळीत स्नायू सैल करतं. गरोदरपणी बद्धकोष्ठ होतं त्याचं हे एक कारण. पाळीच्या तोंडावर दोन्ही हॉर्मोन्स झपाट्याने उतरतात, प्रोस्टाग्लँडिन वाढतात, आतडं आकसायला लागतं. ज्यांचं आतडं मुळात हळवं, त्यांना ते जास्त जाणवतं.

तरी सगळं हॉर्मोन्सवर ढकलता येत नाही. पाश्चात्त्य देशांत आयबीएसच्या रुग्णांत बायका जास्त, तर भारतातल्या रुग्णालयांच्या पाहण्यांत बरेचदा पुरुष जास्त दिसतात. आपल्या बायकांची आतडी वेगळी आहेत, असं मला वाटत नाही. दवाखान्यात कोण पोचतं, हा प्रश्न हॉर्मोन्सचा नाही.

आजी कधीच पोचली नाही. तिच्या चाळीसेक वर्षांच्या कळांची नोंद कुठल्याच केसपेपरवर नाही. मी पुढच्या वेळी माझी वही घेऊन गेले आणि विचारायच्या आधीच डॉक्टरांसमोर उघडून ठेवली.